घरातील जुन्या भारतीय नोटांचे संग्रहमूल्य कसे ठरवावे : नवख्यांसाठी मार्गदर्शन

आजोबांच्या पेटीत, देवघरातल्या डब्यात किंवा जुन्या पोथीच्या पानांत एखादी नोट सापडते आणि घरात सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : हिचे किती येतील? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो सर्वांत शेवटी विचारायचा आहे. नोट नेमकी कोणती, ती कोणत्या अवस्थेत आहे आणि तशाच नोटेसाठी अलीकडे एखाद्या खरेदीदाराने प्रत्यक्षात किती पैसे मोजले, या गोष्टी ह्याच क्रमाने स्पष्ट झाल्याशिवाय किमतीचा कोणताही आकडा निरर्थक ठरतो. आमच्या घरातल्या नोटांची वर्गवारी करताना आणि पुढे परिचितांना मदत करताना मला हे प्रकर्षाने जाणवले, की बहुतेक फसवणूक आणि बहुतेक नुकसान हा क्रम उलटा केल्यामुळेच होते. म्हणून पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करणे आवश्यक आहे. नोट जुनी आहे म्हणून ती मौल्यवान असते, असे नाही. 1980 च्या दशकातली, मागे ‘सागर सम्राट’ या तेलविहिरीच्या फलाटाचे चित्र असलेली एक रुपयाची वापरलेली नोट अनेक घरांत सापडते आणि तिला दर्शनी किमतीहून फार काही मिळत नाही. याउलट 1970 सालच्या एखाद्या साध्या दिसणाऱ्या नोटेवर योग्य सही असेल, तर संग्राहक तिच्यासाठी बरेच अधिक मोजतात. वय हा मूल्याचा एक घटक आहे, आणि तो बहुधा सर्वांत दुबळा घटक आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ ठेवायचे साहित्य

- दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली फूटपट्टी
- पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च आणि अतिनील प्रकाशाचा लहान दिवा
- पीव्हीसी नसलेली पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटे
- नोंदवही, आणि दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घेता येतील असा मोबाइल
- भारतीय कागदी चलनाची अलीकडची सूची, म्हणजे कॅटलॉग. तो विकत घेणे परवडत नसेल तर संग्राहक मंडळाच्या एखाद्या सभासदाकडे पाहायला मिळू शकतो
- नोटा वारशाने आल्या असतील तर त्यासंबंधीची कागदपत्रे, आणि विकत घेतल्या असतील तर खरेदीची पावती

1. नोटा जशा आहेत तशाच राहू द्या

नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, खोडरबरने डाग पुसू नका, चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फाटलेल्या नोटेला चिकटपट्टी लावणे म्हणजे तिची काळजी घेणे, अशी आपली समजूत असते. परंतु चिकटपट्टीतला डिंक कालांतराने कागदात उतरतो, पिवळा डाग पाडतो आणि तो काढताना शाईही निघते. मळलेली पण मूळ अवस्थेतली नोट ही धुऊन ‘नवी’ केलेल्या नोटेपेक्षा संग्राहकाला नेहमीच अधिक प्रिय असते, कारण धुतलेल्या कागदाचा करकरीतपणा जातो आणि तो पुन्हा येत नाही.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली हवा हा कागदाचा खरा शत्रू आहे. बुरशी, कसर आणि तपकिरी ठिपके या तिन्हींपासून वाचवण्यासाठी नोटा भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता कोरड्या जागी, पाकिटात, सपाट ठेवाव्यात. डांबराच्या गोळ्या थेट नोटांच्या डब्यात टाकू नयेत.

2. नोट कोणी काढली, हे आधी ओळखा

नोटेवरचा राजा किंवा चित्र पाहण्याआधी ती कोणत्या संस्थेने काढली हे वाचा. आपल्याकडील घरांत साधारणपणे पुढील प्रकार आढळतात.

पहिला प्रकार ब्रिटिशकालीन भारत सरकारच्या नोटांचा. 1861 च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि बँक ऑफ बॉम्बे, बँक ऑफ बेंगॉल व बँक ऑफ मद्रास या इलाख्यांच्या बँकांचा तो हक्क संपला. सुरुवातीच्या, राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या नोटांची बनावट मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्याने त्या मागे घेण्यात आल्या आणि 1867 पासून एकाच बाजूला छपाई असलेल्या नोटा आल्या. या एकपृष्ठी नोटांवर तारीख, सही आणि ज्या चलनमंडळातून, म्हणजे नोटा काढणाऱ्या विभागातून, त्या निघाल्या त्याच्या शहराचे नाव असते. मुंबई, कलकत्ता, मद्रास, कानपूर, लाहोर, कराची, रंगून अशी नावे आढळतात आणि एकाच दर्शनी किमतीच्या नोटेचे मूल्य या नावाप्रमाणे बदलते. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीचा तुटवडा पडल्यामुळे 1917 मध्ये एक रुपयाची नोट आली आणि त्याच सुमारास दोन रुपये आठ आण्यांची नोटही निघाली. ही अडीच रुपयांची नोट घरात सापडली, तर तिथेच थांबून जाणकाराला दाखवावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

दुसरा प्रकार रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा. बँकेची स्थापना 1935 ची असली तरी तिच्या स्वतःच्या नोटा 1938 मध्ये, सहाव्या जॉर्जच्या चित्रासह निघाल्या. एक रुपयाची नोट मात्र आजही भारत सरकारची असते आणि तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, तर वित्त सचिवाची सही असते. हा फरक नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही, आणि त्यातून होणारा गोंधळ पुढच्या टप्प्यात दिसेल.

तिसरा प्रकार मराठवाड्यातल्या घरांत सापडतो, तो म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या उस्मानिया चलनाच्या नोटांचा. संस्थानाने 1918 पासून नोटा काढल्या आणि त्यांवर उर्दू व इंग्रजीसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नड मजकूरही छापला. तारखा इसवी सनाहून वेगळ्या, फसली या महसुली सनातल्या असल्यामुळे त्यावरचा ‘13’ ने सुरू होणारा चार आकडी सन पाहून नोट सातशे वर्षांपूर्वीची आहे असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. या नोटांवर संस्थानाच्या वित्तमंत्र्यांच्या सह्या आहेत आणि त्यांत पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झालेले गुलाम मुहम्मद आणि पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर झालेले झाहिद हुसेन यांच्या सह्याही आढळतात.

चौथा प्रकार गोव्याचा. पोर्तुगीज काळात 1906 पासून बँको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या नोटा तिथे चालत. जुन्या नोटांवर टांगा आणि रुपिया ही परिमाणे आहेत, तर 1959 च्या नोटा एस्कुदोच्या आहेत. त्या वेळी एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला होता, म्हणूनच 30, 60, 300 आणि 600 अशा आज विचित्र वाटणाऱ्या किमती त्यांत दिसतात. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हे चलन संपले. त्यामुळे एस्कुदोच्या नोटांचा चलनात राहण्याचा काळ अत्यंत अल्प होता.

याशिवाय काही नोटांवर मूळ छपाईनंतर वेगळा मजकूर छापलेला असतो. फाळणीनंतर पाकिस्तानसाठी नाशिकच्या छापखान्यात भारतीय नोटांवर ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ असा मजकूर घालण्यात आला होता. त्याआधी ब्रह्मदेशासाठीही असेच करण्यात आले. 1959 मध्ये आखाती देशांत चालवण्यासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा आणि हज यात्रेकरूंसाठी ‘एचए’ अक्षरांच्या दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढण्यात आल्या. या सर्वांना चांगली मागणी आहे. आणि म्हणूनच साध्या नोटेवर नंतर असा मजकूर छापून ती दुर्मीळ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात.

3. सहीवरून काळ आणि दुर्मिळता ठरवा

रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचे वर्ष 2005 पासून मागच्या बाजूला येऊ लागले. त्याआधीच्या नोटांचा काळ ठरवण्याचे मुख्य साधन गव्हर्नरची सही हेच आहे, आणि संग्राहकांच्या जगात ‘कोणत्या सहीची नोट’ हा प्रश्न ‘किती रुपयांची नोट’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो. सही वाचता आली नाही तर भिंगाखाली तिचे छायाचित्र घेऊन कॅटलॉगमधल्या नमुन्यांशी ताडून पाहावे.

पहिले गव्हर्नर सर ऑस्बॉर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण त्यांच्या कारकिर्दीत बँकेची नोटच निघाली नव्हती. 1938 च्या नोटांवर सर जेम्स टेलर यांची सही आहे. त्यांच्यानंतर 1943 मध्ये गव्हर्नर झालेले आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख हे या पदावर आलेले पहिले भारतीय, आणि त्यांची सही असलेल्या सहाव्या जॉर्जच्या नोटा मराठी संग्राहक विशेष आस्थेने जमवतात. देशमुखांच्या सहीची नोट घरात असेल तर ती विकण्याआधी दोनदा विचार करावा, असे माझे वैयक्तिक मत आहे. त्यांतल्या काही दर्शनी किमतींच्या नोटांना बाजारात माफकच भाव मिळतो, परंतु त्या नोटेचे स्थान आपल्या घरातच अधिक शोभते.

अल्पकाळ पदावर राहिलेल्या गव्हर्नरांच्या सह्या हा या छंदातला सर्वांत रंजक भाग आहे. बी. एन. आडारकर 1970 मध्ये मे ते जून असे केवळ सहा आठवडे गव्हर्नर होते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 मध्ये निघालेल्या, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या गांधीजींचे चित्र असलेल्या 2, 5, 10 आणि 100 रुपयांच्या नोटांवर आधी एल. के. झा यांची आणि पुढे आडारकरांची सही आली. चित्र तेच, दर्शनी किंमत तीच, परंतु सही बदलली की मूल्य बदलते. एन. सी. सेनगुप्ता यांची सही केवळ 1000 रुपयांच्या नोटेवर आणि अमिताव घोष यांची केवळ 10 रुपयांच्या नोटेवर आढळते. के. जी. आंबेगावकर 1957 मध्ये काही आठवडे गव्हर्नर होते, परंतु त्या पदावरून त्यांनी सही केलेली नोट नाही. एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही दिसते ती वित्त विभागाचे सचिव म्हणून. तेव्हा कोणी ‘गव्हर्नर आंबेगावकरांची दुर्मीळ नोट’ म्हणून एक रुपयाची नोट दाखवली, तर काय चालले आहे हे तुमच्या लगेच ध्यानात यावे.

हाच नियम मनमोहन सिंग यांच्या बाबतीत लागू होतो. त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवर 1976 ते 1980 या काळातली, वित्त सचिव म्हणून आहे. इतर नोटांवरची सही 1982 ते 1985 या काळातली, गव्हर्नर म्हणून आहे. पंतप्रधान झालेल्या व्यक्तीची सही म्हणून या नोटांना अवास्तव भाव सांगितले जातात. त्या आवर्जून जमवाव्यात अशा आहेत, परंतु त्या मोठ्या संख्येने छापल्या गेल्या होत्या.

सहीबरोबर भाषेकडेही पाहावे. स्वातंत्र्यानंतरच्या अशोकस्तंभाच्या नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले तेव्हा ‘रुपया’चे अनेकवचन कसे लिहावे यावर वाद झाला आणि अखेर ‘रुपये’ हे रूप स्वीकारले गेले. त्यामुळे ‘रुपया’ छापलेल्या आणि ‘रुपये’ छापलेल्या नोटा वेगळे उपप्रकार मानले जातात. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात काटकसरीसाठी नोटांचे आकार लहान करण्यात आले, म्हणूनच फूटपट्टीने लांबी-रुंदी मोजून ती नोंदवहीत लिहून ठेवणे उपयोगाचे ठरते.

4. क्रमांक, अक्षरे आणि तारा

क्रमांकाच्या आधी येणाऱ्या अक्षरांना प्रीफिक्स म्हणतात आणि क्रमांकपट्टीत बारीक छापलेल्या अक्षराला इनसेट. एकाच सहीच्या नोटांत इनसेट असणे, नसणे किंवा ते कोणते असणे, तसेच क्रमांकाची शाई काळी असणे की लाल, यांवरून उपप्रकार ठरतात. मालिकेतला पहिला आणि शेवटचा प्रीफिक्स यांना अधिक मागणी असते.

फॅन्सी क्रमांकांचा बाजार स्वतंत्र आहे. 000001, सर्व आकडे सारखे असलेले 111111, चढत्या क्रमाचे 123456 आणि सातआकडी 1000000 हे क्रमांक खरोखर शोधले जातात. 786 हा आकडा असलेल्या नोटा श्रद्धेपोटी घेतल्या जातात; तथापि केवळ शेवटी 786 असलेल्या नोटा प्रत्येक हजार क्रमांकांत एकदा येणारच, हे साधे गणित लक्षात ठेवले तर त्यांच्या लाखो रुपयांच्या कथांवर विश्वास बसणार नाही. जन्मतारखेच्या क्रमांकाची नोट भेट म्हणून सुंदर असते, परंतु तिला त्या एका व्यक्तीपलीकडे सहसा खरेदीदार नसतो.

रिझर्व्ह बँकेने 2006 पासून सदोष नोटांच्या जागी पुन्हा छापलेल्या नोटांच्या क्रमांकात तारा छापण्यास सुरुवात केली. तारा म्हणजे नोट खोटी असल्याचे लक्षण नव्हे, आणि तारा म्हणजे आपोआप मौल्यवान असेही नव्हे. ज्या गव्हर्नरच्या, वर्षाच्या आणि प्रीफिक्सच्या तारांकित नोटा थोड्या निघाल्या, त्यांनाच भाव असतो.

5. अवस्था ठरवताना स्वतःशी कठोर राहा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण एकाच नोटेच्या दोन प्रतींत अवस्थेमुळे किमतीचा जो फरक पडतो तो अन्य कोणत्याही कारणाने पडत नाही. संग्राहक अवस्थेच्या पायऱ्या इंग्रजी संज्ञांनी सांगतात : पूर्ण कोरी ती ‘यूएनसी’, जवळजवळ कोरी ती ‘एयूएनसी’, त्याखाली ‘ईएफ’ किंवा ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन), ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन), ‘एफ’ (फाइन), ‘व्हीजी’ (व्हेरी गुड) आणि ‘जी’ (गुड). शेवटच्या संज्ञेचा अर्थ ‘चांगली’ असा असला तरी प्रत्यक्षात ती नोट झिजलेली, मळकट आणि मऊ पडलेली असते, हे ध्यानात ठेवावे. व्यावसायिक श्रेणीकरण संस्था हीच अवस्था 1 ते 70 अशा गुणांत सांगतात आणि नोट सीलबंद पाकिटात घालून देतात.

नोट टेबलावर सपाट ठेवून बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकला की समोरून न दिसणाऱ्या घड्या उठून दिसतात. मधोमध एकच हलकी घडी असेल तरी ती नोट यूएनसी राहत नाही. कोपरे गोलावले आहेत का, कडांना बारीक चिरा आहेत का, मोजणाऱ्याने अंगठा लावल्याने कोपऱ्याला आलेला बाक आहे का, शाईने लिहिलेले आकडे किंवा बँकेचा शिक्का आहे का, हे क्रमाने पाहून प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी.

छिद्रांबद्दल आपल्याकडे एक विशेष गोष्ट आहे, जी परदेशी पुस्तके वाचून श्रेणी ठरवणाऱ्याला गोंधळात टाकते. बँका पूर्वी नोटांची बंडले तारेने किंवा स्टेपलने टाचत असत आणि रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. म्हणून त्याआधीच्या एकदम कोऱ्या नोटेलाही डाव्या बाजूला टाचणीची दोन बारीक छिद्रे असणे स्वाभाविक आहे आणि ती पद्धतीचा भाग म्हणूनच पाहिली जातात. मात्र छिद्र गंजून तपकिरी झाले असेल, त्यातून कागद फाटला असेल किंवा नोटेच्या मधोमध खिळ्याचे भोक असेल, तर ते दोषच आहेत. त्याचप्रमाणे ब्रिटिशकाळात मोठ्या रकमेच्या नोटा टपालाने पाठवताना चोरी टाळण्यासाठी त्या कापून दोन भाग वेगवेगळ्या वेळी पाठवत आणि पोहोचल्यावर जोडत. त्यामुळे एकपृष्ठी नोटेचा मधला जोड पाहून ती टाकाऊ समजू नये. दोन्ही भागांवरचा क्रमांक एकच आहे ना, एवढे अवश्य तपासावे.

स्वतःच्या नोटेला श्रेणी देताना आपण नेहमी एक पायरी वर चढतो. म्हणून तुमच्या मनात आलेल्या श्रेणीपेक्षा एक पायरी खालची श्रेणी धरूनच पुढच्या टप्प्यातली किंमत शोधावी.

6. खोटी, दुरुस्त केलेली किंवा ‘घडवलेली’ नोट ओळखा

जुन्या मोठ्या नोटांच्या रंगीत प्रती आणि शोभेच्या नकला बऱ्याच आहेत. प्रकाशासमोर धरल्यावर जलचिन्ह कागदाच्या आत, सौम्य छटांत दिसायला हवे. ते पृष्ठभागावर छापलेले वाटले किंवा भिंगाखाली रेषांऐवजी रंगांचे ठिपके दिसले, तर ती नक्कल समजावी.

याहून कठीण प्रकार दुरुस्तीचा आहे. दाबून घड्या घालवलेली नोट दिसते कोरी, परंतु तिच्यावरची छपाईची उठावदार शाई सपाट झालेली असते आणि टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात घडीची रेघ अस्पष्टपणे राहिलेली दिसते. रासायनिक धुलाई केलेला किंवा नवा कागद जोडून बुजवलेला भाग अतिनील दिव्याखाली भोवतालच्या कागदापेक्षा वेगळा चमकू शकतो. छपाईतल्या चुकांच्या नोटाही अशाच तपासाव्यात : कागद दुमडल्यामुळे कोपऱ्याला राहिलेला जादा तुकडा किंवा दोन्हीकडचे वेगवेगळे क्रमांक ही खरी चूक असू शकते, मात्र ‘क्रमांक न छापलेली’ नोट ही क्रमांक खरवडून तयार केलेली असू शकते. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले भिंगातून दिसतात.

7. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत भेद करा

आता कुठे किमतीकडे वळायचे. खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर कोणीही एक रुपयाच्या नोटेची किंमत सात लाख लिहू शकतो. ती मागणी आहे, व्यवहार नव्हे. तुम्हाला हवा असतो तो झालेल्या लिलावाचा निकाल. मुंबई, बंगळुरू, अहमदाबाद येथील नाणी-नोटांच्या परवानाधारक लिलावसंस्था आपल्या लिलावांचे सचित्र कॅटलॉग आणि निकाल प्रसिद्ध करतात. त्यांत तीच दर्शनी किंमत, तीच सही, तोच प्रीफिक्स प्रकार आणि शक्यतो तीच श्रेणी असलेल्या अनेक विक्री शोधून त्यांची नोंद करावी. एकाच विक्रीवर विसंबू नये, कारण दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले की आकडा भलताच चढतो आणि पुढच्या लिलावात तो पुन्हा दिसत नाही.

निकाल वाचताना तो आकडा बोलीचा आहे की खरेदीदाराकडून घेतलेले अधिमूल्य (बोलीवर लागणारी संस्थेची जादा रक्कम) व कर मिळवून झालेला, हे पाहावे. समजा बोली 10,000 रुपयांवर थांबली, तर खरेदीदार त्याहून अधिक देतो आणि विक्रेत्याच्या हाती संस्थेचे कमिशन वजा जाऊन त्याहून कमी पडते. दुकानदार तर लिलावातल्या भावापेक्षा कमीच देणार, कारण त्याला ती नोट सांभाळायची आणि पुन्हा विकायची असते. ही लूट नव्हे. तो व्यापाराचा खर्च आहे, आणि तो आधी समजून घेतला म्हणजे मनस्ताप होत नाही. कॅटलॉगमधली छापील किंमत केवळ तुलनेसाठी वापरावी : कोणता उपप्रकार कोणत्यापेक्षा दुर्मीळ, एवढे ती विश्वासाने सांगते.

श्रेणीकरणासाठी नोट पाठवण्याचा खर्च, टपाल आणि विमा धरून, सामान्य नोटेच्या किमतीपेक्षा अधिक होतो. म्हणून ज्या नोटेची खरी किंमत या खर्चाच्या कितीतरी पट असेल, किंवा जिच्या अस्सलपणाबद्दल खरेदीदार शंका घेईल, तीच पाठवावी.

8. कायद्याच्या मर्यादा

नोव्हेंबर 2016 मध्ये रद्द झालेल्या 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा बाळगण्यावर 2017 च्या कायद्याने मर्यादा घातली आहे. कोणत्याही किमतीच्या मिळून दहापेक्षा अधिक नोटा व्यक्तीला ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा 25 नोटांची आहे. उल्लंघन झाल्यास 10,000 रुपये किंवा दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जी अधिक असेल ती रक्कम दंड होऊ शकते. कोणी अशा नोटांचे बंडल ‘गुंतवणूक’ म्हणून देऊ केले तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. 2000 रुपयांच्या नोटेचे प्रकरण वेगळे आहे. ती मे 2023 मध्ये चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले, तरी तिचे कायदेशीर चलनमूल्य कायम ठेवण्यात आले.

जानेवारी 1978 मध्ये 1000, 5000 आणि 10000 रुपयांच्या नोटा रद्द करताना त्यांच्या हस्तांतरणावरही बंधने घालण्यात आली होती. गेटवे ऑफ इंडियाचे चित्र असलेली 5000 ची नोट किंवा तंजावरच्या मंदिराचे चित्र असलेली 1000 ची नोट घरात असेल, तर व्यवहाराआधी वकिलाचा सल्ला घेणे हिताचे आहे. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत आणि 1917 ची नोट आता त्या वयाची झाली आहे. तेव्हा वडिलोपार्जित नोटा सामानात घालून नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.

9. विकायचे ठरवल्यास

प्रथम फसवणुकीची ओळख करून घ्या. ‘तुमच्या नोटेला खरेदीदार मिळाला आहे, आधी नोंदणी शुल्क, जीएसटी किंवा कमिशन भरा’ असे सांगणारा फोन किंवा संदेश आला, की समोरची व्यक्ती ठग आहे असे समजावे. अनेकदा रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह असलेले पत्रही पाठवले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे स्पष्ट केले, की जुन्या नोटा व नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि तिने कोणालाही असे शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही. खरा खरेदीदार तुम्हाला पैसे देतो. तो तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही. ओटीपी किंवा क्यूआर कोड ‘पैसे मिळवण्यासाठी’ कधीही वापरावा लागत नाही.

मुंबई-पुण्यात भरणारी नाणी-नोटांची प्रदर्शने ही शिकण्याची उत्तम जागा आहे. तिथे एकाच नोटेसाठी निदान तीन व्यापाऱ्यांचे भाव विचारावेत, आणि विक्रीचा विषय काढण्याआधी तशीच नोट ते स्वतः कितीला विकत आहेत ते पाहावे. सर्व नोटांची एकगठ्ठा किंमत सांगणाऱ्याला लगेच होकार देऊ नये. गठ्ठ्याची किंमत बहुधा त्यातल्या एका चांगल्या नोटेमुळे ठरलेली असते. मौल्यवान नोट लिलावासाठी दिली तर क्रमांकाचा उल्लेख असलेली पोचपावती, कमिशनचा दर, राखीव किंमत (जिच्याखाली नोट विकायची नाही ती) आणि पैसे मिळण्याची मुदत हे सर्व लेखी घ्यावे. ओळखपत्र व पॅन जवळ ठेवावे, रक्कम बँकेतूनच घ्यावी आणि ती मोठी असेल तर करासंबंधी सनदी लेखापालाला विचारावे. नोटा हातातून देण्याआधी प्रत्येक नोटेच्या दोन्ही बाजूंचे, क्रमांक स्पष्ट दिसेल असे छायाचित्र काढून ते नोंदवहीतल्या नोंदीबरोबर जपून ठेवावे, म्हणजे नोट परत आल्यास ती तुमचीच आहे हे ताडून पाहता येईल.